हरसूलच्या बाजारातला बैरागी

तो सिनेमा मी थिएटरात एकदाच पाहिला आणि तेव्हाही मला हसू आलं नाही. आता तो टीव्हीवर अधूनमधून लागतो. नातवंडं लोळून हसतात, सून भाजी निवडता निवडता हसते, आणि मी उठून आत जाते. घरातल्यांना वाटतं म्हातारीला विनोद कळत नाही. कळतो की. माझ्या घरच्या माणसाचा झालेला विनोद त्या सिनेमापेक्षा मोठा होता आणि त्यावर हसणारेही जास्त होते.

सिनेमात दोन गुप्तहेर आहेत. त्यांना एका तस्कराच्या टोळीत शिरायचं असतं, म्हणून एक होतो भाजीवाली आणि दुसरा होतो बैरागी. भाजीवालीच्या मिशा पदराआडून अख्ख्या थिएटरला दिसतात, तस्कराला दिसत नाहीत. बैराग्याची दाढी जेवताना आमटीत पडते, तो ती पिळतो आणि पुन्हा चिकटवतो, तरी तस्कराला संशय येत नाही. इतका आंधळा माणूस तस्करी कशी करत असेल, हा प्रश्न तो सिनेमा काढणाऱ्याला पडला नाही आणि बघणाऱ्यांनाही नाही. मध्येच जंगल येतं आणि कमरेला पिसं बांधलेल्या बाया नाचायला लागतात. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांकडे माझं जाणंयेणं होतं. पिसं बांधून हिंडणारं माणूस तिकडे कुणी पाहिलं असेल तर त्याने मला दाखवावं. शेवटी दाढ्यामिशा निघतात, खरे चेहरे बाहेर येतात आणि सगळे खदाखदा हसतात. बेड्या घातलेला तस्करसुद्धा हसतो.

त्या दोघांना घर नाही, बायको नाही, शेजारी तर नाहीतच. सोंग उतरवून ते ज्या गल्लीत झोपायला जातात तिथे समोरच्या ओट्यावर कुणी बसलेलं नसतं. असली गुप्तहेरी कुणालाही जमेल.

आमचे आप्पा पोलिसात हवालदार होते. मी कॉलेजात होते तेव्हा त्यांना गोपनीय कामाला घेतलं. म्हणजे खाकी काढून ठेवायची, साध्या कपड्यांत सभांना, मोर्च्यांना, सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर होणाऱ्या मीटिंगांना जायचं, कोण काय बोललं ते लक्षात ठेवायचं आणि कचेरीत येऊन सांगायचं. आम्ही नाशकातल्या बौद्ध वसाहतीत राहायचो. वसाहतीत कारखान्यांतले कामगार, शिक्षक, कारकून. त्यामुळे सभांना तोटा नव्हता. आप्पांना या कामाला घेताना साहेब म्हणाले होते, "तुमचीच माणसं आहेत, तुम्हाला कोण अडवणार?" साहेबांना वाटलं, काय अक्कल चालवली आपण!

अडवलं कुणीच नाही. उलट वसाहतीतल्या सभेत आप्पांसाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला लागले. चहा पहिला त्यांना. बोलणारा माणूस मुद्द्याचं वाक्य आलं की त्यांच्याकडे बघून सावकाश बोलायचा, म्हणजे त्यांच्या नीट लक्षात राहावं. लोक गालातल्या गालात हसायचे. आप्पा खुर्चीत अंग चोरून बसायचे, चहा घेतला तर विकला गेलेला माणूस आणि नाही घेतला तर माजलेला, म्हणून अर्धाच घ्यायचे. कचेरीत जाऊन सांगायचे, सभा शांततेत पार पडली. त्यांच्या सांगण्यावरून वसाहतीतलं एकही पोरगं आत गेलं नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार होते. पण पैज घ्यायला कुणी येत नव्हतं.

आमच्या समोरच्या घरात सातपूरच्या कारखान्यातला एक फिटर राहायचा. तिशीतला, बोलायला पटाईत, सगळ्या सभांचा पुढारी. लहानपणी त्याचे वडील गेले तेव्हा आप्पांनीच त्याला शाळेत पोचवलं होतं. सकाळी पहिल्या पाळीला जाताना तो सायकल बाहेर काढायचा आणि आमच्या दाराकडे बघून म्हणायचा, "जय भीम, काका." आमच्यात हे दिवसातून वीसदा होतं. रस्त्यात, नळावर, दवाखान्याच्या रांगेत. बाहेरच्यांना नमस्कार आणि आपल्या माणसाला जय भीम, इतका साधा हिशेब आहे.

आप्पा गोपनीय कामाला लागले आणि काही दिवसांत एका सकाळी फिटर म्हणाला, "नमस्कार, साहेब."

हात जोडून, मान लववून, अगदी आदबीने. यात तक्रार करण्यासारखं काय होतं? नमस्कारच तर केला होता. आप्पाही म्हणाले, "नमस्कार." मग त्याचं बघून वसाहतीतली बाकीची पोरंही नमस्कार साहेब करायला लागली. आई दार लोटून घ्यायची. आप्पा मात्र रोज सकाळी, समोर सायकलची साखळी वाजली की, काही काम नसताना ओट्यावर येऊन उभे राहायचे. आज तरी तो जय भीम म्हणेल, एवढ्यासाठी. आप्पांना बढती नको होती, बदली नको होती. तो एक शब्द परत हवा होता. चार वर्षं ते असे उभे राहिले आणि चार वर्षं त्यांना नमस्कार मिळाला. मला त्या फिटरचा संताप यायचा आणि आप्पांचाही यायचा. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाने कुणाच्या तोंडाकडे इतकं बघावं कशाला?

ऐंशी सालच्या आसपासच्या उन्हाळ्यात तो सिनेमा गावात लागला. आमच्या शाळेतल्या बायकांनी मला ओढून नेलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मी तिथे बसून तीन तास वाया घालवले. पण माझे तीन तास गेले तर गेले, खरा घोळ असा की आप्पांच्या नव्या साहेबांनीही तो सिनेमा पाहिला. सहकुटुंब पाहिला आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच सुमारास त्र्यंबकच्या पुढे हरसूलला, आठवड्याच्या बाजारच्या दिवशी, जंगलातल्या जमिनी कसणाऱ्या लोकांची सभा होणार होती. आमच्या वसाहतीतली पोरं तिथे बोलायला जाणार होती, फिटर सगळ्यात पुढे. साहेबांनी आप्पांना बोलावलं आणि विचारलं, "तुमच्यासाठी सभेत खुर्ची ठेवतात म्हणे?" मग साहेब म्हणाले, "या वेळी वेष पालटून जा. त्र्यंबकच्या रस्त्याला साधू काय कमी असतात? त्यातले एक व्हा. दाढी, जटा, भगवी कफनी. कुणाच्या बापाला कळणार नाही." आप्पांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते चेष्टा करतायत. मग त्यांचं तोंड बघितलं. शिकलेला, परीक्षा देऊन साहेब झालेला माणूस, आणि कायदा-सुव्यवस्था राखायची विद्या त्याने घेतली ती आमटीत दाढी पडणाऱ्या बैराग्याकडून.

आईने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या सासूने धर्मांतराच्या वेळी घरातले देव गाठोड्यात बांधून गोदावरीत सोडले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी गंध लावलं नव्हतं की कुणाच्या पाया पडून अंगारा घेतला नव्हता. "भगवं घाला नाहीतर आणखी काही घाला," आई म्हणाली, "नोकरी आहे, मला कळतं. पण या उंबऱ्याच्या आत कपाळाला गंध लागायचं नाही." आप्पा म्हणाले, "मी दुकानातच लावीन." आणि ते कपड्यांची पिशवी घेऊन निघाले.

दुकान म्हणजे नाटकांचे कपडे भाड्याने देणारं दुकान. तिथे लांब पांढरी, खऱ्या केसांची दाढी एकच होती. गावात कुठलंही नाटक असलं, ऋषी असो नाहीतर भिकारी, ती एकच दाढी सगळीकडे फिरायची. वसाहतीतली पोरं जयंतीसाठी नाटक बसवत होती आणि नेमकी त्यांनाही तीच हवी होती. हरसूलच्या आदल्या दिवशी फिटर दुकानात गेला तर दुकानदार म्हणाला, "दाढी गेली. पोलिसांनी नेली." असं म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. झालं! सिनेमातल्या तस्कराला तीन तासांत जे कळत नाही, ते आमच्या फिटरला दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या कळलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी ते फिटरच्या तोंडून ऐकलं, एकदा नव्हे, वसाहतीतल्या प्रत्येक ओट्यावर, दर वेळी थोडा जास्त मसाला लावलेलं. त्यातलं आप्पांनी जे खोडलं नाही तेवढंच सांगते.

हरसूलच्या बाजारात त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. सभेच्या जागेजवळ आंब्याच्या सावलीत तीन दाढीवाले बसले होते. दोन खरे, त्र्यंबकहून आलेले. तिसरे आमचे आप्पा. पोरांना एवढं माहीत होतं की तिघांतला एक पोलिसांचा आहे, आणि तो आप्पा असणार असा त्यांचा कयास होता. पण जटा, भस्म, दाढी यांच्या मागे चेहरा कुठला ते कळेना. तेवढ्यात डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन आप्पांसमोर बसली आणि त्यांच्या पायावर डोकं टेकवायला लागली. आप्पांनी पाय मागे ओढले.

"बाबा, पोराला लय ताप हाय," ती म्हणाली. "अंगारा द्या."

"अंगारा नाही माझ्याकडे, माय," आप्पा म्हणाले. "पोराला दवाखान्यात ने. आत्ता ने. एसटी स्टँडच्या पलीकडेच आहे."

बाई बघतच राहिली. बाबा अंगारा देत नाही तर मग बाबा कसला? शेजारच्या खऱ्या साधूने पुढे वाकून पोराच्या कपाळाला चिमूटभर राख लावली, तरी आप्पा तिला पुन्हा सांगत होते, दवाखान्यात ने. फिटर दोन हात अंतरावर उभा राहून हे ऐकत होता. ही गोष्ट सांगताना तो इथे थांबायचा आणि म्हणायचा, "तेव्हाच मी म्हटलं, हा साधू आमच्यातला!" मग लोक टाळ्या द्यायचे.

पण पक्कं तर करायला हवं. म्हणून त्याने युक्ती काढली. त्याने पहिल्या साधूसमोर हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम." साधू म्हणाला, "बम बम." दुसऱ्यासमोर गेला, "जय भीम." त्याने बिडी मागितली. मग तो आप्पांसमोर आला, वाकला आणि अगदी हळू, प्रेमाने म्हणाला, "जय भीम, काका."

आणि आप्पा म्हणाले, "जय भीम."

मागे उभी असलेली पोरं जी हसत सुटली ती सभा सुरू होईपर्यंत हसत होती. कुणीतरी दाढीला हात घातला. उन्हाने डिंक सैल झालाच होता, दाढी हातात आली. पोरांनी ती जपून घडी घालून ठेवली, कारण त्यांना नाटकाला हवी होती. आप्पांना त्यांनी हात लावला नाही, शिवी दिली नाही. उलट पाणी दिलं, सभेत पुढे बसवलं. भगव्या कफनीत, बिनदाढीचे, जटांसकट आप्पा दुपारभर पुढच्या रांगेत बसून होते. आपल्या जमिनींबद्दल बोलायला लांबून चालत आलेली माणसं राहिली बाजूला, लोक त्यांनाच बघत होते.

घरी आले तेव्हा त्यांच्या गालांवर डिंकाचे लाल चट्टे उठले होते. आईने खोबरेल दिलं. त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं की ओळखलं, आणि जेवायला बसले.

कचेरीत साहेबांनी सगळं ऐकलं आणि तेही हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दुसऱ्या साहेबांना बोलावून आप्पांना ते पुन्हा सांगायला लावलं. वेष पालटायची कल्पना कुणाची होती हे मात्र दोघांपैकी कुणालाच आठवलं नाही. मग आप्पांना पुन्हा खाकी देऊन एका कचेरीच्या दारावर पहाऱ्याला उभं केलं.

आणि वसाहतीत? वसाहतीत आप्पांना जय भीम परत मिळाला. कसा मिळाला तेही सांगते. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्यांना बघून हात जोडायचा, डोळे मिचकावायचा आणि म्हणायचा, "जय भीम, बाबाजी!" आणि फिस्सकन हसायचा. शेंबडी पोरंसुद्धा. आमच्या आजीने देव नदीत सोडून जो शब्द घरात आणला, ज्या शब्दासाठी लोकांनी मार खाल्ला, त्याची यांनी नक्कल करून ठेवली होती, तीही आपल्याच माणसाची टिंगल करायला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर याच पोरांनी मोर्चा काढला असता. मी एकाला रस्त्यात धरून विचारलं, लाज वाटते का? तो म्हणाला, "ताई, गंमत हाय. तुम्ही लय मनावर घेता." आप्पा मात्र प्रत्येकाला जय भीम म्हणायचे. न हसता, पूर्ण शब्दांत, समोर कितीही दात काढलेले असोत.

जयंतीला काही दिवस उरले असताना फिटर आमच्या घरी आला. चार वर्षांत पहिल्यांदा आला. जुनं नाटक त्यांनी बाजूला ठेवलं होतं. आता हरसूलचं बसवत होते. आप्पांची हरकत नाही ना, हे विचारायला तो आला होता. वर म्हणाला, "काका, तुम्हीच करा ना बैराग्याचं काम. लोक डोक्यावर घेतील."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी हाताने थांबवलं. ते म्हणाले, "करा. माझं काही नाही. मी काम करणार नाही."

फिटर खूश झाला. पाय पसरून बसला. आईने दिलेला चहा त्याने बशीत ओतला आणि मन मोकळं झाल्यासारखा बोलायला लागला. "काका, राग नका मानू, पण एक विचारतो. तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी मी पोरांशी लावलेली पैज हरलो असतो. आवाज तुमच्यासारखा वाटला, पण माझी खात्री नव्हती. दाढी एक नंबर बसली होती. त्या शेजारच्यासारखं बम बम म्हणायचं, सुटलात. एवढी वर्षं हीच नोकरी केलीत, एवढंही सुचलं नाही?"

"सुचलं होतं," आप्पा म्हणाले.

"मग?"

आप्पा म्हणाले, "मला वाटलं तू ओळखलंस मला. या असल्या कपड्यांत ओळखलंस, आणि तरी घातलास जय भीम. मग त्याला उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं?"

बशीतला चहा तसाच राहिला. एवढा बोलका फिटर, पण जय भीम काही त्याच्या तोंडून निघाला नाही. तो उठला, चपला पायांत सरकवल्या आणि दारापर्यंत गेला.

तेव्हा आई आतून म्हणाली, "नाटक करा तुमचं. फक्त आत्ता हे बोलले ना, तेवढं घ्या त्यात."

जयंतीच्या रात्री नाटक झालं. आप्पा ते बघायला गेले, मी आणि आई गेलो नाही. घरात बसून आम्हाला सगळं ऐकू येत होतं, लाउडस्पीकर आमच्याच खांबावर होता. आईने सांगितलेलं त्यांनी घेतलं नव्हतं. लोक पोट धरधरून हसले.